सॅलमँडर आणि त्याचं ओलं जंगल: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पाऊस पडला की फोटो यायला लागतात. विहिरीच्या कडेला, गोठ्यात, शाळेच्या व्हरांड्यात चार पायांचं काहीतरी चकचकीत दिसलेलं असतं आणि खाली प्रश्न असतो, "हा सॅलमँडर आहे का?" कुणी दार्जिलिंगच्या सहलीची तयारी करत असतं, कुणाच्या लेकराला विज्ञान प्रदर्शनासाठी विषय हवा असतो, कुणाला ॲक्सोलॉटल नावाचा परदेशी सॅलमँडर विकत घ्यायचा असतो. सॅलमँडर म्हणजे बेडकाचा शेपटीवाला नातेवाईक. त्याच्याबद्दलच्या त्याच त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

मराठवाड्यात सॅलमँडर सापडतो का?

नाही. मराठवाड्यातच काय, सह्याद्रीत, सातपुड्यात, सगळ्या दक्षिण भारतात रानात राहणारा सॅलमँडर नाही. भारतात तो फक्त पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगरांत आहे.

आपल्याकडचं ऊन हे एक कारण झालं, पण मूळ कारण फार जुनं आहे. सॅलमँडरांचा वंश उत्तरेकडच्या खंडांवर वाढला. आपला भूखंड तेव्हा गोंडवन नावाच्या दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडाचा तुकडा होता. तो सरकत येऊन आशियाला धडकला, हिमालय उभा राहिला आणि चीन-म्यानमारच्या बाजूने ओल्या डोंगरउतारांवरून काही सॅलमँडर पूर्व हिमालयापर्यंत पोचले. त्यांच्या पुढ्यात गंगेचं सखल, तापणारं मैदान होतं. ते काही त्यांना ओलांडता आलं नाही.

मग आमच्या बांधावर दिसतो तो कोण?

दहातले नऊ फोटो सापसुरळीचे असतात. अंग गुळगुळीत, उन्हात चमकणारं, पाय आखूड, त्यामुळे गडबड होते. उरलेल्यांत बिबट्या पाल असते. जाड शेपटीची, पिवळसर अंगावर गडद पट्टे किंवा ठिपके असलेली, रात्री फिरणारी. तिला विषारी समजून मारतात. महाराष्ट्रात एकही पाल, सरडा किंवा सापसुरळी विषारी नाही, घोरपडसुद्धा नाही.

तिसरा उमेदवार मजेशीर आहे. जुलैत डबक्यात चार पाय फुटलेलं पण शेपटी न गळलेलं बेडकाचं पिल्लू दिसतं. ते हुबेहूब छोट्या सॅलमँडरसारखं दिसतं. चार-आठ दिवस थांबा, शेपटी जाते आणि बेडूक उडी मारून निघून जातो.

ओळखायची खूण सोपी आहे. अंगावर खवले आणि बोटांना नख्या असतील तर तो सरपटणारा प्राणी. सॅलमँडरला खवले नसतात. त्याची कातडी उघडी, ओलसर असते आणि तो चालतोही सावकाश. सापसुरळीसारखा सुर्रकन पळाला, तर तो सॅलमँडर नव्हेच.

सॅलमँडर म्हणजे नेमका कोणता प्राणी?

बेडकाचा नातेवाईक, पण आयुष्यभर शेपटी बाळगणारा. उभयचरांच्या तीन शाखा आहेत: बेडूक आणि भेक, सॅलमँडर आणि न्यूट, आणि पाय नसलेले देवगांडूळ. पहिली शाखा आपल्या दारात आहे, तिसरी सह्याद्रीच्या ओल्या मातीत आहे, मधली मात्र आपल्याकडे नाही.

उभयचर कातडीतूनही श्वास घेतात. हवेतला प्राणवायू आत जायचा तर कातडी ओली हवी, वाळली की श्वास अडतो. या पानावरच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं या एका गोष्टीतून निघतात.

तुटलेला पाय परत येतो, हे खरं आहे?

खरं आहे. हाड, स्नायू, नसा यांच्यासकट पाय पुन्हा तयार होतो. पालीची फक्त शेपटी येते आणि तीही पहिल्यासारखी नसते.

भारतातला सॅलमँडर दिसतो कसा आणि राहतो कुठे?

वीतभर लांब, गडद तपकिरी, जवळजवळ काळपट. डोकं रुंद आणि चपटं, पाठीच्या मधोमध कण्याचा उंचवटा आणि दोन्ही बाजूंना गाठींची एकेक रांग. याच गाठींमुळे इंग्रजीत त्याला मगरीच्या नावाने ओळखतात. अंगावरच्या ग्रंथींतून विषारी स्राव येतो, म्हणून त्याच्या वाटेला फारसं कुणी जात नाही.

दार्जिलिंगचा सॅलमँडर बरीच वर्षं टायलोटोट्रायटन व्हेरुकोसस या नावाने ओळखला जायचा. हे नाव १८७१ मध्ये चीनच्या युन्नानमधल्या प्राण्यावरून दिलेलं. २०१५ मध्ये अभ्यासकांनी दाखवून दिलं की पूर्व नेपाळ आणि दार्जिलिंगकडचा प्राणी वेगळा आहे. त्याला टायलोटोट्रायटन हिमालयानस हे नाव मिळालं. त्यानंतर मणिपूरमधल्या झायमेंग तळ्याच्या परिसरातूनही एक वेगळी जात नोंदली गेली. ही नावांची उलथापालथ निव्वळ पंडितांची हौस नाही. एकच जात चार देशांत पसरली आहे असं धरलं तर ती सुरक्षित वाटते. तिचे तुकडे पडले की प्रत्येक तुकडा चार-दोन डोंगरांपुरता उरतो आणि धोक्याचा हिशेबच बदलतो.

तो पाण्यातला की जंगलातला?

दोन्हीकडचा, आणि सगळी अडचण इथूनच सुरू होते.

पूर्व हिमालयात वळवाच्या सरी सुरू झाल्या की सॅलमँडर जमिनीतून बाहेर पडून पाण्याकडे निघतात. संथ, उथळ, गवताने भरलेली तळी त्यांना लागतात, वाहता ओढा चालत नाही. तिथल्या लोकांच्या भाषेत अशा तळ्याला पोखरी म्हणतात. नर-मादी पाण्यात जमतात, मादी पाण्यातल्या आणि काठच्या वनस्पतींना अंडी चिकटवते. पिल्लांना डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले असतात. पावसाळाभर ती पाण्यातले किडे खाऊन वाढतात, कल्ले गळतात आणि ती जमिनीवर येतात.

पाऊस ओसरला की मोठेही तळं सोडतात. वर्षाचा उरलेला भाग जंगलात जातो: पालापाचोळ्याखाली, दगडाच्या कपारीत, शेवाळाने माखलेल्या कुजक्या ओंडक्याखाली, झाडांच्या मुळांशी. थंडीत तिथेच निपचित पडून राहतात. पाहणारा तळ्याकडे पाहतो आणि प्राणी मात्र बराच काळ तळ्याबाहेर असतो. म्हणून फक्त तळ्याला कुंपण घालून भागत नाही. काठापासून वर चढत जाणारं जंगल, तिथला पाचोळा, कुजलेली लाकडं हे सगळं मिळून त्याचं घर होतं. तळं आणि जंगल यांच्यामध्ये रस्ता आला की दर पावसाळ्यात तो ओलांडताना प्राणी चाकाखाली जातात.

दार्जिलिंग जिल्ह्यात सुखियापोखरीजवळ जोरपोखरी नावाचं अभयारण्य १९८५ मध्ये याच प्राण्यासाठी घोषित झालं. क्षेत्रफळ अवघं चार हेक्टर, म्हणजे दहा एकर. आपल्याकडे एखाद्या बऱ्यापैकी शेतकऱ्याचं वावर एवढं असतं. प्राण्याच्या नावाने अभयारण्य झालं ही मोठीच गोष्ट, पण वर्षभराचा मुक्काम दहा एकरांत कसा बसायचा, हा प्रश्न उरतोच.

कर्सियांगकडच्या डोंगरात नामथिंग पोखरी आहे. ती वर्षातले काही महिने कोरडी पडते. पाहणाऱ्याला वाटतं तळं मेलं. खरं तर कोरडी पडते म्हणूनच तिच्यात मोठे मासे टिकत नाहीत आणि अंड्या-पिल्लांना खाणारं कुणी उरत नाही. बारमाही पाणी म्हणजे चांगलं पाणी, हा आपला दुष्काळी भागाचा हिशेब इथे लागू पडत नाही.

त्याला धोका कशाचा आहे?

तळी बुजवणं हा पहिला. डोंगरात सपाट जागा थोडी असते आणि जिथे पाणी साचतं तीच जागा सपाट असते. मग तिथेच शेत, तिथेच घर, तिथेच वाहनतळ.

दुसरा धोका सुशोभीकरणाचा. काठ दगड-सिमेंटने बांधायचे, गवत काढायचं, बोटी सोडायच्या, रंगीत मासे सोडायचे. उभ्या सिमेंटच्या काठावरून पिल्लाला बाहेर पडता येत नाही आणि सोडलेले मासे अंडी फस्त करतात. एखाद्या तळ्याचं एवढं कौतुक झालं की त्यातला सॅलमँडर संपला म्हणून समजा.

तिसरा धोका चहामळ्यांतल्या आणि शेतांतल्या फवारणीचा. जो प्राणी कातडीतून पाणी आणि हवा घेतो, तो विषही कातडीतूनच घेतो. शिवाय जुनं मिश्र जंगल तोडून एकाच जातीच्या सूचिपर्णी झाडांची लागवड झाली की खालचा पाचोळा बदलतो, किडे बदलतात. तापमानवाढ आणि पावसाचं बिघडलेलं वेळापत्रक हे यात आणखी भर घालतात.

२०२३ मध्ये जगातल्या उभयचरांचा दुसरा मोठा आढावा प्रसिद्ध झाला. आठ हजारांवर जाती तपासल्या, त्यात ४०.७ टक्के धोक्यात निघाल्या. सॅलमँडरांची अवस्था सगळ्यांत वाईट: पाचांतल्या तीन जाती धोक्यात.

बुरशीच्या रोगाबद्दल ऐकलं. ते काय आहे?

कायट्रिड नावाची बुरशी उभयचरांच्या कातडीवर वाढते. कातडी निकामी झाली की शरीरातले क्षार बिघडतात आणि हृदय बंद पडतं. अशा दोन बुरशी आहेत. पहिली १९९९ मध्ये शास्त्रीय नावासह नोंदली गेली. तिने अमेरिका खंडात आणि ऑस्ट्रेलियात बेडकांच्या कित्येक जाती संपवल्या. दुसरी, खास सॅलमँडरांच्या मुळावर आलेली, २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या मेलेल्या सॅलमँडरांवरून ओळखली गेली. ती आशियातून पाळीव प्राण्यांच्या व्यापाराबरोबर युरोपात गेली असं मानतात. अमेरिकेने धसका घेऊन २०१६ मध्ये सॅलमँडरांच्या २०१ जातींच्या आयातीवर बंदी घातली.

पहिली बुरशी भारतातही, पश्चिम घाटातल्या बेडकांवर, आढळली आहे. आपण करायचं ते एवढंच: एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाण्याआधी बूट आणि जाळी घासून, धुऊन, उन्हात कडकडीत वाळवायची. मराठवाड्याचं ऊन इथे तरी कामी येतं.

जंगलातल्या संकटग्रस्त सॅलमँडरांमध्ये अमेरिकेतल्या जेमेझ पर्वताच्या सॅलमँडरचं नाव येतं. तो वेगळा का?

कारण त्याला तळंच लागत नाही. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या जेमेझ पर्वतात, साधारण सात हजार ते अकरा हजार फुटांवर, तो राहतो. जगात दुसरीकडे कुठेही नाही. अंग तपकिरी, त्यावर सोनेरी झाक असलेले बारीक ठिपके. त्याला फुफ्फुसं नाहीत, सगळा श्वास कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून. अंडी जमिनीखाली घालतो आणि त्यातून पाण्यातलं पिल्लू निघत नाही, थेट चिमुकला सॅलमँडर निघतो.

वर्षातला बहुतेक काळ तो ज्वालामुखीच्या खडकांतल्या भेगांत, जमिनीच्या पोटात असतो. जुलै ते सप्टेंबरात तिकडेही मोसमी पाऊस येतो, तेव्हा वर येऊन कुजक्या ओंडक्यांत आणि दगडांखाली राहतो. भेगाळलेला ज्वालामुखीचा खडक आणि पावसाच्या भरवशावरचं आयुष्य, हे वर्णन बालाघाटच्या डोंगरात वाचणाऱ्याला परकं वाटू नये.

अमेरिकेच्या सरकारने २०१३ मध्ये त्याला संकटग्रस्त जाहीर केलं आणि सुमारे ९० हजार एकर जंगल त्याचा महत्त्वाचा अधिवास म्हणून आखून दिलं. मुख्य धोका आगीचा. आणि इथे गंमत आहे: आग फार लागली म्हणून नाही, फार वर्षं लागू दिली नाही म्हणून. पूर्वी त्या जंगलात दर काही वर्षांनी जमिनीलगतची हलकी आग फिरायची, बारीक काडीकचरा जळायचा, मोठी झाडं टिकायची. शंभर वर्षं प्रत्येक आग विझवत गेल्यावर जंगल दाट झालं, जळण साठलं. मग २०११ मध्ये लास कोंचास नावाची आग पेटली, दीड लाख एकरांहून जास्त क्षेत्र होरपळलं आणि त्यात सॅलमँडरचं जंगलही गेलं. सावली गेली, ओंडके गेले, माती वाळली. वणव्यात सॅलमँडर जमिनीखाली वाचूही शकतो, पण वर आल्यावर राहायला ओल उरलेली नसते.

आपल्याकडच्या वणव्यांना हेच लागू आहे का?

नाही, आणि हे नीट समजून घ्यायला हवं. हल्ली कुणीतरी परदेशी व्हिडिओ पाहून येतं आणि म्हणतं, थोडी आग जंगलाला चांगलीच. आपली अडचण नेमकी उलटी आहे. गौताळ्यात, येडशीच्या रामलिंग घाटात, किनवटच्या सागवानात फेब्रुवारी ते मे जंगल कोरडं ठणठणीत असतं. नवं गवत चांगलं यावं म्हणून, मोहाची फुलं वेचायला जमीन मोकळी व्हावी म्हणून, कधी नुसत्या विडीच्या थोटकाने आग लागते. त्याच डोंगराला ती पुन्हा पुन्हा लागते. पाचोळा कुजून माती व्हायच्या आतच जळतो आणि पहिल्या पावसात राखेबरोबर वरची मातीही वाहून जाते.

वनविभाग उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, काढतो. गावाने त्या कामात हात लावला तर फरक पडतो, आणि ज्या गावाला जंगलातून गवत, डिंक, सरपण मिळतं ते गाव हात लावतं. नुसते फलक लावून वणवे थांबत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाळलेली लाकडं जंगलातून आणायची नाहीत का? चूल कशी पेटवायची?

प्रश्न रास्त आहे. बारीक फाटा, काटक्या आणल्याने बेडकांचं फारसं बिघडत नाही. जमिनीला टेकून अर्धवट कुजलेला, हाताने दाबला तर भुसभुशीत लागणारा ओंडका मात्र तसाच राहू द्या. तो चुलीत धूर करतो आणि जाळायला कुचकामी असतो. त्याच्याखाली मात्र मे महिन्यातही ओल सापडते. विंचू, गोगलगायी, सापसुरळ्या, बेडूक, सगळे तिथेच तग धरतात. युरोपात जुन्या काळी समज होता की सॅलमँडर आगीतून जन्मतो. शेकोटीत ओंडका टाकला की त्यात लपलेला बिचारा जीव घेऊन बाहेर पळायचा, एवढंच.

सॅलमँडर नाही, मग मराठवाड्यात उभयचर आहेत तरी कोणते?

बेडूक आणि भेक आहेत, आणि लोकांना वाटतात त्याहून बरेच जास्त प्रकारचे.

सगळ्यांत थोरला इंडियन बुलफ्रॉग. पहिल्या दणकट पावसानंतर याचे नर लिंबासारखे पिवळेजर्द होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या गडद निळ्या दिसतात आणि डराव-डरावने गाव जागं राहतं. एकेकाळी याचे पाय टनांनी परदेशात जायचे. १९८७ मध्ये भारताने ती निर्यात बंद केली. हाच बेडूक माणसांबरोबर अंदमानात पोचला आणि तिथल्या स्थानिक जीवांच्या मुळावर आला आहे. कोणता प्राणी चांगला आणि कोणता वाईट हे जागेवर ठरतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही.

घरात दिव्याखाली किडे टिपत बसणारा खरखरीत अंगाचा तो भेक. विहिरीत आणि बारवेत पाण्यावर तरंगत राहणारा, हुसकावला की पाण्याच्या पृष्ठभागावरून टणाटण उड्या मारत जाणारा छोटा बेडूक बारमाही दिसतो. न्हाणीघराच्या भिंतीवर चिकटलेला, लांब बोटांचा, तो झाडावरचा बेडूक. त्याची अंडी पाण्यावर लोंबणाऱ्या फांदीला पांढऱ्या फेसाच्या गोळ्यात असतात.

पण खरे मराठवाडी म्हणावेत असे बेडूक जमिनीत राहतात. बिळं करणारा बेडूक मागच्या पायांच्या फावड्यासारख्या गाठींनी माती उकरत पाठमोरा खाली जातो. दुसरा एक गोल, फुगलेला, आखूड तोंडाचा, वाळवी आणि मुंग्या खाणारा. वर्षातले कित्येक महिने हे जमिनीखाली काढतात आणि मृगाच्या पावसात एका रात्रीत वर येतात. नांगरताना किंवा पाया खोदताना ढेकळात असा गोळा सापडला, तर तो मेलेला नसतो. ओलसर सावलीच्या जागी ठेवून वर माती लोटा.

सॅलमँडर आणि हा जमिनीतला बेडूक एकमेकांना कधी भेटणार नाहीत, पण दोघांचं गणित एकच आहे: थोडे दिवस पाणी आणि बाकी वर्षभर कुठेतरी जपून ठेवलेली ओल.

दुष्काळात धोंडी मागताना बेडूक बांधतात. त्याचं काय?

पाऊस लांबला की मुसळाला बेडूक बांधून, लिंबाचा पाला नेसून पोरं दारोदार फिरतात, बाया वरून पाणी ओततात. प्रथेमागची आर्तता समजते. बेडकाचे मात्र उन्हात आणि दोरीत हाल होतात. काही गावांत आता मातीचा बेडूक करून बांधतात. पाणी दोघांवरही तेवढंच पडतं.

शेततळं खोदलं आहे. त्यामुळे बेडकांना फायदा होत असेल ना?

साध्या मातीच्या, उताराच्या काठाच्या तळ्याचा होतो. प्लास्टिकचं अस्तर लावलेल्या शेततळ्याचा होत नाही, उलट ते सापळा ठरतं. पाण्याच्या वासाने बेडूक, साप, मुंगूस, कधी हरणाचं पाडससुद्धा आत उतरतं आणि निसरड्या प्लास्टिकवरून वर येता येत नाही. उपाय स्वस्त आहे. दोन-तीन कोपऱ्यांत जाड दोरखंड, जुनी मासेमारीची जाळी किंवा गोणपाटाची पट्टी वरच्या खुंटीला बांधून पाण्यात सोडून ठेवा. माणूस पडला तरी त्याच दोराला धरून वर येईल.

नाला खोलीकरणाबद्दलही विचारतात. इथे पाणी अडवू नका असं सांगणारा माणूस मराठवाड्यात राहत नसावा. पण जेसीबीने दोन्ही काठ भिंतीसारखे उभे कापण्याऐवजी एका बाजूला थोडा उतार सोडला, तर गुरांनाही पाण्यापर्यंत जाता येतं आणि बेडकांनाही.

डासांसाठी गप्पी मासे सोडतो. ते चालतील का?

हौदात, टाक्यांत, वापरात नसलेल्या सिमेंटच्या टाकीत जरूर सोडा. रानातल्या नैसर्गिक डबक्यात आणि ओढ्याच्या डोहात नको. त्याच कामासाठी सोडला जाणारा गांबुसिया मासा तर बेडकांची अंडी आणि पिल्लं खाण्यासाठी जगभर बदनाम आहे. शिवाय पावसाळी डबक्यात पाण्यातले किडे डासांच्या अळ्या खातच असतात. बारव साफ करताना ब्लीचिंग पावडर ओतण्याची घाईही नको. गाळ, प्लास्टिक, निर्माल्य काढा, शक्यतो पावसाच्या आधी.

दार्जिलिंगला चाललो आहोत. सॅलमँडर दिसेल?

आपल्याकडचे लोक बहुधा एप्रिल-मे किंवा दिवाळीच्या सुट्टीत जातात. दिवाळीत रानात दिसण्याची आशा धरू नका. मेच्या शेवटी पाऊस सुरू झाला असेल तर थोडी शक्यता आहे. खात्रीने पाहायचा तर दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू हिमालयन प्राणिसंग्रहालयात चौकशी करा. १९५८ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने या प्राण्याची बंदिवासात पैदासही केली आहे. लोक मात्र तिथे लाल पांडा पाहून परत फिरतात.

तळ्यावर गेलात तर हात लावू नका. आपल्या हाताचं मीठ, साबण, मलम त्याच्या कातडीला घातक आणि त्याचा स्राव आपल्या डोळ्यांना. काठचे दगड उलटे करू नका, उलटलाच तर हलकेच जसा होता तसा ठेवा.

ॲक्सोलॉटल पाळायचा आहे. कायदा काय सांगतो?

ॲक्सोलॉटल हा मेक्सिकोचा सॅलमँडर. रानात तो मेक्सिको सिटीलगतच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांपुरता उरला आहे. तिथे १९९८ मध्ये चौरस किलोमीटरला सुमारे सहा हजार होते, २०१४ च्या मोजणीत ३६. दुकानांत मिळतात ते पिढ्यान्पिढ्या टाकीत वाढलेले.

वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारात त्याचं नाव आहे. भारतात अशा परदेशी जाती बाळगणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करावी लागते. दुकानदार कागद देत नसेल तर घेऊ नका. आणि कागद असले तरी विचार करा. त्याला १६ ते १८ अंशांचं पाणी लागतं. मे महिन्यात पारा ४२ वर, त्यात भारनियमन. बर्फ टाकून टाकून किती दिवस काढणार? माझा सल्ला: नका घेऊ. घेतलाच आणि कंटाळलात, तर तळ्यात मात्र सोडू नका.

हिमालयातला सॅलमँडर पाळणं, पकडणं, विकणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. टायलोटोट्रायटन हा त्याचा सगळा गटच, त्यातल्या सर्व जातींसह, २०१९ मध्ये साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला.

सॅलमँडरपासून औषध बनतं म्हणतात. खरं का?

हिमालयाच्या पट्ट्यात आणि चीनमध्ये वाळवलेला सॅलमँडर औषध म्हणून वापरायची जुनी रीत आहे. त्याने रोग बरा होतो याला काही आधार नाही. आपल्याकडे मांडुळाच्या नावाने जी लाखोंची फसवणूक चालते तिचीच ही हिमालयातली आवृत्ती. घेणारा बुडतो, विकणारा तुरुंगात जातो आणि प्राणी फुकट मरतो.

शाळेच्या प्रकल्पासाठी काय करता येईल?

सॅलमँडरचा थर्माकोलचा देखावा नको. गावातलं एक डबकं निवडा. पहिला मोठा पाऊस कधी पडला, पहिला आवाज कधी ऐकू आला, फेस किंवा अंडी कधी दिसली, डबकं कधी आटलं, पिल्लं त्याआधी बाहेर पडली की आतच वाळली, एवढं तारखेसह वहीत लिहा. आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा, बेडूक पकडू नका. रात्री जाताना सोबत मोठं माणूस, पायात बूट आणि हातात बॅटरी हवी. बेडकांमागे सापही येतात. तीन-चार वर्षं सलग लिहिलेली अशी वही नुसत्या प्रदर्शनापुरती राहत नाही, अभ्यासकही ती मागून नेतात.

अनोळखी प्राणी दिसला तर काय पाठवायचं?

वरून, बाजूने आणि डोक्याचा जवळून, असे तीन फोटो. शेजारी पेन किंवा नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. वेळ, पाऊस होता का, आणि तो माती, पाणी की भिंतीवर होता हे लिहा. घरात शिरला असेल किंवा जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. नोंद इंटरनेटवर टाकताना गावाचं नाव पुरे, गट नंबर आणि अचूक नकाशा नको. मांडूळ, खवल्या मांजर किंवा घोरपड असेल तर गावाचं नावही टाकू नका. तस्करही तीच पानं वाचतात.